चढा गंधार

आबांनी पेटी घेतली ती माझ्या जन्माच्या कितीतरी आधी, पुण्यातून, जुनीच. खर्ज-नरची, तीन सप्तकांची. पांढऱ्या पट्ट्या पिवळट झालेल्या, भात्याच्या कातड्याला कडवट वास. पावसाळ्यात मधल्या सप्तकातला मध्यम अडकून राहायचा, मग तो भजनभर एकटाच रेकत बसायचा. आबा नखानं पट्टी खालून उचलायचे, एक फुंकर मारायचे आणि अभंग सोडला होता तिथून पुढे.

नांदे तेव्हा भाताचं गाव होतं. मुळेच्या काठाला खाचरं, पलीकडे म्हाळुंगे, अलीकडे चांदे, वर लवळ्याचा डोंगर. संध्याकाळी देवळात हरिपाठ, एकादशीला रात्रभर जागर, कार्तिकात पहाटेचा काकडा. आबांची बोटं सांध्यांत सुजायला लागली तेव्हा पेटीवर मला बसवलं. मुलगी म्हणून कुणी नाक मुरडलं असेल, तर ते आबांसमोर नाही. टाळकऱ्यांची पट्टी चढी, त्यातच माझा आवाज तयार झाला. पट्टीही रात्रीतून दहादा बदलायची. एक बुवा काळी चारला धरायचे, दुसरे उठले की पांढरी पाच. पखवाजवाले कुरकुरत गट्टे ठोकायचे, आमच्या पेटीला मात्र काही करावं लागत नसे. बोट सरकवलं की झालं.

बारावीनंतर मी पुण्यात संगीताच्या पदवीसाठी अर्ज केला. गावातून गाण्यात पदवी घ्यायला निघालेली मी पहिलीच, त्यामुळे जाताना बसपर्यंत सोडायला बरीच माणसं आली होती. चाचणीच्या खोलीत सतरंजीवर दोन तंबोरे होते आणि पेटी नव्हती. मी इकडेतिकडे पाहिलेलं परीक्षकांपैकी एकांच्या लक्षात आलं असावं. “तंबोरा आहे की. लावा आवाज,” म्हणाले. मी भूप गायले. भूपात गंधार म्हणजे घरचा कर्ता माणूस, सगळं त्याच्याभोवती. बंदिश अर्ध्यात आली तेव्हा त्यांनी हात वर केला. “गंधारावर थांबा.” थांबले. “परत षड्ज. परत गंधार.” बाजूच्या बाईंनी डोळे मिटले, मान किंचित हलवली आणि काहीतरी लिहिलं. कुणी रागावलं नाही, कुणी अपमान केला नाही. आठवड्याने फळ्यावर यादी लागली, तीत माझं नाव नव्हतं.

गाण्यातला नकार गणितातल्या नापासासारखा नसतो. वाद्य गळ्यातच असतं. ते तिथे ठेवून घरी येता येत नाही. बोलायला तोंड उघडलं की तोच आवाज, त्याच यादीतून वगळलेला. मी बरेच दिवस घरात कमीच बोलले. पेटी गवसणीत होती, ती तशीच राहिली.

माणसं धीर द्यायला आली आणि प्रत्येकाने लताबाई सांगितल्या. गोष्ट खरी आहे. ‘शहीद’च्या वेळी फिल्मिस्तानच्या शशधर मुखर्जींना त्यांचा आवाज फार पातळ वाटला होता, आणि त्याच 1948 साली मास्टर गुलाम हैदर यांनी ‘मजबूर’मध्ये तो आवाज गाजवला. पण नाकारलेल्या मुलीला ही गोष्ट सांगणं मला आजही पटत नाही. तिच्यावर एका झटक्यात लता होण्याचं ओझं येतं. नकार मिळालेल्या बाकीच्यांचं काय झालं, ते कुणी सांगत नाही. मला त्या गोष्टीतले गुलाम हैदर महत्त्वाचे वाटतात. एकाच धंद्यातल्या, एकाच शहरातल्या दोन जाणकारांनी एकच आवाज ऐकला. एकाला तो नको होता, दुसऱ्याला नेमका तोच हवा होता. परीक्षकाचा कान खरा असतो, पण त्याला त्या दिवशी कशासाठी आवाज हवा आहे, हेही त्या निकालात असतं.

केसरबाई केरकरांची गोष्ट मला कुणी सांगितली नाही, ती मी पुढे वाचली, आणि ती जास्त कामाला आली. अब्दुल करीम खाँ, वझेबुवा असे गुरू होत होत, अल्लादियाखाँसाहेबांची नियमित तालीम त्यांना 1921 साली सुरू झाली. तोवर त्या तिशीला टेकल्या होत्या. पुढे 1946 साली खाँसाहेब गेले तोपर्यंत ती तालीम चालली. 1977 साली व्हॉयेजर यानाबरोबर अवकाशात गेलेल्या तबकडीवर त्यांची भैरवी आहे, हे सगळेच सांगतात. मला मात्र त्या तिशीतल्या केसरबाई दिसतात, आधी शिकलेलं गाणं बाजूला ठेवून पुन्हा पलटे घोटणाऱ्या.

भाद्रपदातल्या एकादशीला आबांच्या मंडळातले एक काका दारात आले. “पोरी, पेटीला माणूस नाय. चल.” चाचणीचं त्यांना ठाऊक होतं, पण त्यांनी तो विषय काढला नाही. मी गेले. पहाटेपर्यंत वाजवलं, मधे दोन चाली गायल्याही. त्या रात्री माझं दुःख हलकं झालं असं नाही. पण माझ्या आवाजाची कुणाला तरी गरज होती आणि तो कसा आहे हे कुणी विचारत नव्हतं, एवढं मला कळलं.

हिवाळ्यात मी पुण्यात एका बाईंकडे शिकायला लागले. सूस-पाषाणवरून बस, मग चालत. पहिल्या दिवशी त्यांनी मला गाऊच दिलं नाही. तंबोरा जुळवला आणि म्हणाल्या, खर्जाच्या तारेत काय काय ऐकू येतं ते सांग. मला षड्ज ऐकू आला, आणि काही ऐकू येईना. दुसऱ्या आठवड्यात कधीतरी जव्हारीवरून निघणाऱ्या झणकारात वर, लांब, एक गंधार उभा दिसला. कुणी छेडलेला नसताना. आणि तो माझ्या गंधाराहून खाली होता. अगदी केसभर, पण खाली.

तेव्हा चाचणीतल्या बाईंच्या मिटलेल्या डोळ्यांचा अर्थ लागला. सप्तकाचे 1200 सेंट मानले तर तंबोऱ्याच्या तारेतून आपसूक उमटणारा गंधार षड्जापासून सुमारे 386 सेंटांवर असतो. पेटीचा 400 वर. पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, म्हणून तिथे तो चढाच राहतो. लहानपणापासून माझा कान त्या पेटीवर पोसला होता. चाचणीत मी बेसूर नव्हते. मी पेटीच्या सुरात होते, आणि समोर तंबोरा होता.

मी पेटी पुण्याला दुरुस्तीला नेली, एकच हट्ट घेऊन: गंधार उतरवून द्या. कारागीर म्हातारे होते. त्यांनी वरची फळी काढली, सूर बाहेर घेतला, पितळेच्या जिभेखाली पातळ पत्रा सरकवला आणि मला दाखवलं. टोकाकडे घासलं की सूर चढतो, बुडाकडे घासलं की उतरतो. बारीक कानशीचे दोनतीन हात, फुंकर, पुन्हा भात्यावर लावून ऐकायचं. मग त्यांनी विचारलं, “कुठल्या पट्टीचा गंधार?” काळी चारचा, मी म्हटलं. “तो मी उतरवतो. मग पांढरी सहावाला गाईल तेव्हा हीच पट्टी त्याचा कोमल गंधार व्हायची. तो आधीच खाली असतो, आणखी खाली जाईल. त्याने काय करायचं?”

मी पेटी तशीच परत आणली. तो चढा गंधार हे कुणाचं दुर्लक्ष नव्हतं. प्रत्येकाला आपापल्या पट्टीत गाता यावं म्हणून सगळ्यांच्या सुरातून थोडं थोडं काढून घेतलेलं ते होतं. शुद्ध गंधारासाठी माणसांनी पेटीही बदलून पाहिली आहे. सांगलीकडच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी 1910 साली बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं, क्लेमंट्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या साथीने श्रुतींची पेटी घडली, आपल्या काळात डॉ. विद्याधर ओकांनीही बावीस श्रुतींची पेटी केली. देवळात मात्र जुनीच पेटी राहिली, कारण तिथे बुवा बदलतात.

पेटीलाही चाचणीत काढून टाकलेलं आहे. मींड निघत नाही, श्रुती मिळत नाहीत, ही परदेशी पेटी आपल्या गाण्याची नाही, असं म्हणत 1 मार्च 1940 पासून आकाशवाणीने तिला दाराबाहेर ठेवलं. ही बंदी सैल व्हायला 1971 उजाडलं. तीस वर्षं! आणि आक्षेप खोटे नव्हते, हे मी माझ्या गंधारावरून सांगू शकते. पण त्या तीस वर्षांत कीर्तनात, तमाशात, नाटकात, भजनात पेटी वाजतच होती. पी. मधुकरांनी तिच्यातून एकल वादन उभं केलं, आप्पा जळगावकरांनी साथीला प्रतिष्ठा दिली. आमच्या आबांनी त्याच काळात, रेडिओ जी वाजवत नव्हता ती पेटी, भाताच्या पैशांतून विकत घेतली.

मी त्या पदवीला पुन्हा गेले नाही. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा बाहेरून देत विशारद झाले, आणि आता नांद्यातच शिकवते. खाचरांच्या जागी बरेच मनोरे उभे राहिलेत. माझ्याकडे गावातली मुलं येतात, तशी त्या मनोऱ्यांतलीही. शिकवणीत सकाळी तंबोरा, पेटी झाकलेली. संध्याकाळी उलटं.

या जूनमध्ये माझी एक विद्यार्थिनी अशाच एका चाचणीतून परत आली. तिने यमन गायला होता आणि तीव्र मध्यमावरून उतरताना तिला थांबवलं होतं. आईने मला बाजूला घेऊन विचारलं, मॅडम, क्षेत्र बदलावं का? मी म्हटलं, आधी तिला काय ऐकू आलं ते तिला आठवू द्या. परीक्षक काय म्हणाले, ते शब्दांसकट मी वहीत लिहायला लावलं. मग आठवडाभर आम्ही त्यातल्या एकेका शब्दावर बसलो. दोन आक्षेप खरे निघाले. तिसरा माझ्या मते घाईचा होता, आणि तसं मी तिला सांगितलं. एकादशीच्या भजनालाही ती आता येते. अभंग पाठ नाहीत, पण चाल लवकर धरते, आणि बुवांनी अचानक पट्टी बदलली तरी गोंधळत नाही.

पुढच्या वर्षी ती पुन्हा अर्ज भरणार आहे. मी म्हणते बिहाग घे, तुझ्या गळ्याला तो मोकळा बसतो. ती म्हणते, अडले तिथूनच जाणार, यमनच. अजून ठरलेलं नाही. तोवर दोन्हींचा रियाज चालू आहे.