सिरीची बाजू

ब्रेकअपनंतर समोरच्याबद्दल लांबलचक स्टेटस टाकणारा एखादा मित्र तुमच्याही ओळखीत असेल. ऑगस्ट स्ट्रिंडबर्गने तेच केलं. फक्त त्याने अख्खी कादंबरी लिहिली, तीही लग्न चालू असताना.

मला तो कळला 'मिस ज्युली'मुळे. कॉलेजात एकांकिकेच्या तालमी चालायच्या तेव्हा कुणाकडे तरी त्या नाटकाची झेरॉक्स होती. उमरावाची मुलगी, घरातला नोकर, एक स्वयंपाकघर, एक रात्र. वाचून हादरलो होतो. ही ज्युली रंगमंचावर पहिल्यांदा कुणी उभी केली, हे मात्र बऱ्याच वर्षांनी कळलं. १८८९मध्ये कोपनहेगनला, सेन्सॉरने परवानगी नाकारल्यावर विद्यार्थी संघटनेत झालेल्या प्रयोगात ज्युली होती स्ट्रिंडबर्गची बायको, सिरी फॉन एसेन.

फिनलंडमधल्या स्वीडिशभाषक खानदानी घरातली ही मुलगी. १८७५मध्ये दोघं भेटली तेव्हा ती बॅरन व्रँगेलची बायको होती आणि तो स्टॉकहोमच्या रॉयल लायब्ररीत नोकरी करत होता. तिला नटी व्हायचं होतं. सरदारघराण्याला ते शोभणारं नव्हतं. घटस्फोट झाला, ती रंगभूमीवर आली आणि १८७७च्या डिसेंबरात दोघांनी लग्न केलं. १८८३पासून मात्र लेखकमहाशय बायकोमुलांना घेऊन फ्रान्स, स्वित्झर्लंड, जर्मनी, डेन्मार्क असे फिरत राहिले. स्टॉकहोमची रंगभूमी तिच्यासाठी संपल्यातच जमा होती.

मग संशय सुरू झाला. १८८७च्या 'द फादर'मधल्या कॅप्टनला आपली मुलगी आपलीच आहे का, हा प्रश्न पोखरून काढतो. त्याच सुमारास स्ट्रिंडबर्गने फ्रेंचमध्ये 'एका वेड्याची कैफियत' लिहायला घेतली. त्यात नवरा ॲक्सेल, बायको मारिया. ती बेवफा आहे, ती पिते, तिला बायकाही आवडतात, आरोपांवर आरोप. नावं बदललेली असली तरी ओळखायला कुणाला वेळ लागणार? १८९१मध्ये घटस्फोट झाला, १८९३मध्ये पुस्तक जर्मनीत छापून आलं, आणि अश्लीलतेचा खटला झाला तोही पुस्तकावर. सिरीच्या बदनामीचा हिशेब कुठेच नाही.

आमच्या भाषेत सांगायचं तर त्या लग्नाच्या रिपॉझिटरीत कमिट करायचा ॲक्सेस एकालाच होता. आणि तो माणूस भन्नाट लिहायचा, हीच तर पंचाईत. वाईट लेखकाचे आरोप लोक विसरून जातात.

पुढच्या दोघींचं तसं झालं नाही. दुसरी बायको फ्रिडा उल पत्रकार होती. तिने १९३०च्या दशकात स्वतःच्या आठवणी छापल्या. तिसरी हॅरिएट बॉस. लग्नाच्या वेळी ती तेविशीची, तो बावन्नचा. तिच्यासाठी त्याने 'अ ड्रीम प्ले'मध्ये चक्क आपल्या इंद्राची मुलगी पृथ्वीवर उतरवली. १९०७मध्ये ते नाटक रंगमंचावर आलं तेव्हा त्यांचा घटस्फोट होऊन गेला होता, तरी ती भूमिका हॅरिएटनेच केली. १९३२मध्ये तिने त्याची पत्रं छापली, सोबत स्वतःची टिपणं जोडून.

सिरीने असं काही छापलं नाही. मुलांना घेऊन ती फिनलंडला परतली आणि एप्रिल १९१२मध्ये गेली. पुढच्याच महिन्यात स्टॉकहोममध्ये तो गेला; त्याच्या अंत्ययात्रेला हजारो लोक होते.

आईची बाजू शेवटी मोठ्या मुलीने, कारिनने मांडली, १९२५मध्ये. पुस्तकाचं नाव 'स्ट्रिंडबर्गची पहिली बायको'. शीर्षकात सिरीचं नाव नाही.