खाऱ्या पाण्याचा हिशेब

समुद्राचे पाणी म्हणजे मीठ घातलेले पाणी, असा अनेकांचा समज आहे. मुंबईतील आमच्या वस्तीतला एक तरुण श्रीमंतांच्या घरी समुद्री माशांच्या काचपेट्या सांभाळतो. त्याचे काम जवळून पाहिले की त्यात केवढी विद्या आहे ते कळते.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, म्हणून तो आरओ यंत्राचे शुद्ध पाणी घेतो. लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. समुद्रात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियमही असते, त्यासाठी तयार मिश्रण मिळते. ते पाण्यात टाकायचे; मिश्रणावर पाणी ओतायचे नाही, नाहीतर कॅल्शियम चुन्यासारखे तळाशी बसून वाया जाते. मग छोटा पंप लावून रात्रभर ढवळायचे. हायड्रोमीटरने १.०२५ दाखवले की पाणी तयार. चौपाटीचे पाणी फुकट आहे की, असे आम्ही म्हटले. तो हसला. "काका, त्यात सगळ्या शहराची गटारे येतात."

भगवान बुद्धांनी धम्माला महासागराची उपमा दिली, दोहोंची चव सगळीकडे एकच. पेटीतल्या समुद्राची चव मात्र माणसालाच राखावी लागते. कारण पाणी उडून जाते, क्षार मागेच राहतात. रोजची घट गोड्या पाण्यानेच भरायची असते.

एका घरी नेमके उलटे झाले. दोनशे लिटरची पेटी, रोज दोन लिटर घट, आणि घरचे लोक ती तयार खाऱ्या पाण्याने भरत राहिले. प्रवाळ कोमेजले, दोन मासे मेले. मालकांनी मुलाचा महिन्याचा पगार अडवला. वर "तुम्हा लोकांना शास्त्रातले काय कळते?" हेही ऐकवले.

मुलाने नोंदवही ठेवली होती. दर रविवारचा आकडा: १.०२५, १.०२७, १.०२९, १.०३१. दुसऱ्या आकड्यापासून प्रत्येकापुढे शेरा, 'गोडे पाणी घाला असे सांगितले.' आम्ही कारकुनीत जन्म काढला, पण इतकी चोख वही क्वचितच पाहिली. ती घेऊन आम्ही दोघे मालकांकडे गेलो. त्यांनी बराच वेळ पाने उलटली. माफी मागितली नाही. निम्मा पगार तिथेच दिला, उरलेला दहा तारखेला देतो म्हणाले. ती तारीख मुलाने त्याच वहीत लिहिली आणि खाली त्यांची सही घेतली.