धूळपेरणी



बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. एक प्रश्न डोक्यात घोळत होता आणि त्याचं उत्तर आधी स्वतःला सापडावं, मग लिहावं असं वाटत होतं. प्रश्न माझ्या भाच्याचा आहे. तो पुण्याला आयटीत असतो. घरच्या मंडळींना तो कोण हे लगेच कळेल, म्हणून नाव लिहीत नाही. लिहू का, असं मात्र त्याला विचारून घेतलं आहे.

गेल्या मे महिन्यात धुळ्याची आमची आत्या प्रभूकडे गेली. दफनविधी आटोपून सगळे आपापल्या गावी परतले, आणि आठवड्याभराने त्याचा फोन आला. म्हणाला, "मामा, राग मानू नका. पण आजी जन्मभर म्हणायची की प्रभू लवकर येणार. तिची आईपण तेच म्हणायची म्हणे. कुठे आला? आणि तुम्ही अजून दर रविवारी त्या अर्ध्या रिकाम्या चर्चमध्ये जाऊन बसता. याहून चांगला संदेश मी घरी बसून यूट्यूबवर ऐकतो. मग जायचं तरी कशाला?"

मला राग आला नाही. उलट बरं वाटलं. ज्याला काही पडलेलीच नाही तो असं विचारत नाही. आणि हा प्रश्न नवा थोडाच आहे? पेत्राच्या दुसऱ्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात हाच प्रश्न विचारणारे लोक भेटतात. फरक इतकाच की ते थट्टेने विचारत होते आणि आमचा भाचा दुःखात विचारत होता. पेत्राने तिथे दिलेलं उत्तर थोडक्यात असं, की ज्याला आपण उशीर म्हणतो ती देवाची सहनशीलता आहे. आणखी कोणी पश्चात्ताप करून आत यावं म्हणून तो दार उघडं ठेवून थांबला आहे.

आता आपल्या खानदेशापुरतं बोलू. इथल्या कितीतरी मंडळ्या ज्यांच्या कामातून उभ्या राहिल्या, ते लोक याच आशेवर घरदार सोडून आले होते. अमेरिकेत ए. बी. सिम्पसन नावाचे एक पाळक होते. १८८७ साली त्यांनी सुरू केलेल्या कामातून पुढे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स ही संस्था झाली. त्यांच्या शिकवणीचे चार खांब होते: ख्रिस्त तारणारा, ख्रिस्त पवित्र करणारा, ख्रिस्त बरं करणारा आणि ख्रिस्त येणारा राजा. सर्व राष्ट्रांना सुवार्ता कळावी, मग शेवट येईल, हे मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायातलं वचन त्यांनी अगदी मनावर घेतलं होतं. त्यांचे लोक वऱ्हाडात आले, भुसावळ-जळगावकडे आले. धुळे-नंदुरबारच्या बाजूला स्वीडनच्या अलायन्स मिशनने काम केलं. कुठे ते बर्फाचे देश आणि कुठे आमचा मे महिन्यातला भुसावळचा पारा! येणारा राजा जर चौथा खांब असेल, तर तो काढून टाकून आपल्या मंडळ्यांचं छप्पर कसं टिकेल?

पण भाचा म्हणेल, "बरोबर, पण तेही वाट पाहून गेलेच ना?" गेले. सिम्पसन १९१९ साली वारले. वाट पाहणं चुकलं असं मात्र मला वाटत नाही. चुकतं ते तारीख काढणं. अमेरिकेतच विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस ठरवला होता. हजारो लोक वाट पाहत बसले. काहींनी तर शेतात तयार झालेलं पीकसुद्धा काढलं नाही. तो दिवस गेला, रात्र गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्य नेहमीसारखा उगवला. हेरॉल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ ही तारीख दिली, तिचंही तेच झालं. आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवर अजून असे व्हिडिओ फिरतात. मला पाठवू नका, ही नम्र विनंती! तो दिवस आणि ती घटका पुत्रालाही ठाऊक नाही असं प्रभू स्वतः सांगतो. मग आपण कोण कॅलेंडर घेऊन बसणारे?

आपल्या भाषेत किती छान शब्द आहे बघा, 'वाट पाहणं'. वाट म्हणजे रस्ता. प्रेषितांची कृत्ये उघडली की पहिल्याच अध्यायात शिष्य मान वर करून आभाळाकडे बघत उभे आहेत. तिथे शुभ्र वस्त्रं घातलेले दोन पुरुष त्यांना हटकतात की असे उभे काय राहिलात, तो जसा गेला तसाच येईल. मग ते काय करतात? डोंगर उतरून गावात जातात, माडीवर जमतात आणि एकचित्ताने प्रार्थनेला लागतात. म्हणजे वाट पाहण्याचं पहिलं काम एकत्र जमणं हेच होतं.

इथेच मला भाच्याच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. उपासनेला जाणं आणि प्रभूची वाट पाहणं या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. प्रभुभोजनाबद्दल पौल करिंथच्या मंडळीला काय लिहितो ते आठवा (पहिलं पत्र, अकरावा अध्याय). ती भाकर आणि तो प्याला घेताना आपण प्रभूचं मरण जाहीर करतो, आणि ते कुठवर, तर तो येईपर्यंत. म्हणजे या मेजाला मुदत आहे. दर वेळी ताटातला तो तुकडा उचलताना आपण म्हणत असतो की हे जेवण तात्पुरतं आहे, खरी पंगत पुढे आहे. इब्री लोकांस पत्राचा लेखकही एकत्र मिळणं सोडू नका असं सांगताना कारण देतो की तो दिवस जवळ येत आहे. आपण उलटं करतो. दिवस जाऊ लागले की जमणं सोडतो.

यूट्यूबच्या संदेशाला माझा विरोध नाही. मीही ऐकतो. २०२०च्या मार्चमध्ये सगळी प्रार्थनास्थळं बंद झाली तेव्हा त्यानेच आधार दिला. १६ नोव्हेंबर २०२०ला दारं उघडली, पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली, आणि ७ ऑक्टोबर २०२१ला परत उघडली. त्या काळात मोबाईलवर गाणी झाली, संदेश झाले. पण शेजारच्या बाकावरचं माणूस आज का आलं नाही, हे मोबाईल सांगत नाही. आजारी माणसाच्या डोक्यावर हात ठेवता येत नाही. ताट हातातून हातात जात नाही. संदेश घरी पोचतो हो, पण मंडळी घरी पोचत नाही.

आता अर्ध्या रिकाम्या चर्चबद्दल. खरं आहे ते. आमची तरुण मुलं सुरत, पुणे, मुंबईला गेली. पोटामागे जावंच लागतं, त्यात त्यांचा दोष नाही. कधीकधी सकाळच्या भक्तीला आम्ही पंधरा-सोळा जण असतो, आणि त्यातले निम्मे गुडघ्यांवर हात ठेवून उठणारे. अशा रविवारी गाणं उचलायलासुद्धा जोर येत नाही. हे मी लपवत नाही.

अशा वेळी मला आत्या आठवते. शनिवारी संध्याकाळी चर्च झाडायचं आणि माठ भरून ठेवायचा, हे काम तिने आपण होऊन घेतलेलं होतं. शिक्षण चौथीपर्यंत. प्रार्थना सुरू व्हायची मराठीत आणि रडू आलं की अहिराणीत जायची. तिचा मोठा मुलगा ऐन तिशीत गेला. त्याला माती देताना मी होतो. लोक तिला धरून उभे होते आणि ती खड्ड्याकडे वाकून एवढंच म्हणाली, "ऊठशील तेव्हा भेटू, बेटा." त्यानंतर बत्तीस वर्षं ती दर रविवारी त्याच बाकावर बसली.

प्रभू येणार म्हणजे तिच्यासाठी काय, हे मला त्या दिवशी कळलं. पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला प्रभूच्या येण्याबद्दल लिहिलं ते वेळापत्रक म्हणून नव्हे. त्यांची माणसं गेली होती आणि प्रभू यायच्या आधीच गेली, आता त्यांचं काय होणार, या चिंतेत ते होते. त्यांना पौल सांगतो की मेलेले मागे राहणार नाहीत, ते आधी उठतील, आणि या शब्दांनी एकमेकांना धीर द्या. ज्याचं कोणी मातीत आहे त्यानेच हा भाग वाचावा, त्याला तो लवकर कळतो.

शेतकरी वाचकांना एक गोष्ट चटकन कळेल. आमच्याकडे काही जण मे संपता संपता किंवा जूनच्या सुरुवातीला कपाशीची धूळपेरणी करतात. जमीन कोरडी ठणठणीत. नांगरून, वखरून, धसकटं वेचून तयार केलेली, पण ओल नावाला नाही. पाय ठेवला की फुफाटा उडतो. त्या धुळीत माणूस महागाचं बियाणं टाकतो आणि घरी येतो. पाऊस आला की ते बी आधीपासून जागेवर असतं, पहिली ओल त्यालाच मिळते, पीक इतरांच्या पुढे निघतं. पाऊस आल्यावर शेत तयार करायला निघालेल्याला ते साधत नाही. याकोबाच्या पत्रातही शेवटच्या अध्यायात शेतकऱ्याचंच उदाहरण आहे. प्रभूच्या येण्याची वाट कशी पाहायची, तर जमिनीच्या मोलवान पिकासाठी पावसाची धीराने वाट पाहणाऱ्या शेतकऱ्यासारखी.

पंधरा माणसांची भक्ती ही मला तशी धूळपेरणी वाटते. वरून बघणाऱ्याला फक्त धूळ दिसते. आत बी आहे.

मे महिन्यात आत्याची कबर खणताना जमीन इतकी कडक होती की पहार आपटून आपटून पोरांचे हात सोलले. मूठमाती टाकली तेव्हा खरोखर धूळच उडाली. पौल करिंथकरांना पंधराव्या अध्यायात पेरणीचीच भाषा बोलतो. नाशवंत असं पेरलं जातं, अविनाशी असं उठतं. ती पण धूळपेरणीच होती, मंडळी. मुलाच्या शेजारीच.

आता कोणी म्हणेल, धूळपेरणी फसतेही. बरोबर आहे. पहिली सर येऊन पावसाने दडी मारली की कोंब करपतात, मग दुबार पेरणी आणि दुप्पट कर्ज. खानदेशातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. म्हणून हे उदाहरण मी एका मर्यादेपर्यंतच नेतो. शेतकऱ्याकडे फक्त अंदाज असतो. आपल्याकडे त्याहून जास्त काही आहे. त्याच पंधराव्या अध्यायात उठलेल्या ख्रिस्ताला पौल पहिलं फळ म्हणतो. म्हणजे या शेतातलं एक पीक हाती येऊन गेलेलं आहे. ईस्टरच्या पहाटे ते आलं. उरलेलं यायचं आहे, एवढंच.

आणि तो अध्याय संपतो कसा? पुनरुत्थानाबद्दल एवढं उंच बोलून झाल्यावर पौल एकदम रोजच्या कामावर येतो. स्थिर राहा, प्रभूच्या कामात राबत राहा, तुमचे श्रम फुकट जाणार नाहीत, असा त्याचा शेवट आहे. माठ भरणं वाया जात नाही, झाडू मारणं वाया जात नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं उदाहरण घ्या. आपल्या जळगावला १९०७ साली पहिलं महाराष्ट्र कविसंमेलन भरलं आणि धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे या कोवळ्या मुलाला तिथे 'बालकवी' ही पदवी मिळाली. हाच मुलगा पुढे नगरला टिळकांच्या घरी घरच्यासारखा राहिला. ५ मे १९१८ला आपल्या भादली स्टेशनाजवळ रेल्वेच्या अपघातात तो गेला, अवघ्या सत्तावीस वर्षांचा. त्या स्टेशनावरून गाडी जाते तेव्हा मला दर वेळी वाटतं, जगाच्या शेवटाची तारीख काढणाऱ्यांना स्वतःच्या संध्याकाळची तरी तारीख कुठे ठाऊक असते? पुढच्याच वर्षी, ९ मे १९१९ला टिळक गेले. त्यांचं 'ख्रिस्तायन' अपुरंच राहिलं. ते पुढे कोणी नेलं? लक्ष्मीबाईंनी. ज्या बाईला नवऱ्याचा बाप्तिस्मा झाल्यावर जग कोसळल्यासारखं झालं होतं, तिने. टिळकांनी टाकलेलं बी त्यांच्या डोळ्यांदेखत पूर्ण उगवलं नाही, पण वाया गेलं का?

तर भाच्या, एवढं सगळं मी फोनवर बोलू शकलो नसतो, म्हणून लिहिलं. तुझ्या पहिल्या प्रश्नाला तारखेचं उत्तर माझ्याकडे नाही. दुसऱ्याला आहे. पुण्यातही तुझ्या खोलीपासून दहा-पंधरा मिनिटांवर कुठलीतरी मंडळी जमत असेल. तिथे या रविवारी जा. संदेश कदाचित यूट्यूबइतका चांगला नसेल. शेवटच्या बाकावर एखादी म्हातारी असेल, तिच्याशी दोन शब्द बोल, तिचं कोण गेलंय ते विचार. आणि ताट तुझ्यापाशी येईल तेव्हा 'तो येईपर्यंत' या शब्दांवर जरा थांब.

बाकी मंडळींनो, ज्यांच्या चर्चमध्ये माणसं थोडी आहेत त्यांनी खचू नका. दोघे-तिघे जमले तरी आपण तिथे असतो, असं प्रभूने सांगून ठेवलं आहे. पंधरा म्हणजे तर बरेच झाले.

आमच्याकडे शनिवारी माठ भरायचं काम आता एका नववीतल्या मुलीने मागून घेतलं आहे. तिच्यासाठी प्रार्थना करा.

मारानाथा. प्रभू लवकर येवो.