मुसाफिराचं पाणी

आर्वीकडच्या कानांना पाण्याची चाहूल दुरून लागते. वैशाखात वर्धेच्या पात्रातली वाळू तापून पांढरी पडलेली, विहिरीत बादली सोडली की दोर हातातून सरसरत खाली जातच राहायचा, आणि खूप वेळानं तळाशी डुबुक असं काही वाजलं की काठावरच्या बायका एकमेकींकडं बघून हसायच्या. हे कान घेऊन मी छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत शिरलो. डोळ्यांच्या आधी तेच आत गेले.

श्रावण सरत आला होता. खाम नदीच्या काठाला बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा, पुढं लांबट हौद, शेजारी जुनाट, ऐसपैस वड, आणि उंच भिंतीच्या माथ्यावरून कोसळणारी पाण्याची शुभ्र चादर. उन्हाची तिरीप त्या चादरीत शिरायची, फुटायची, हिरव्या पाण्यावर विखरून माशांच्या पाठींवर क्षणभर निजायची, तोच मासे वळायचे आणि ऊन पुन्हा बेघर व्हायचं. तुषार गालावर येत होते, दर्ग्याकडून उदाचा वास, पायांखालून ओल्या दगडाचा, आणि या सगळ्याच्या मागं तो अखंड, एकसुरी, कुणालाही उद्देशून नसलेला आवाज.

या पाण्याचा झरा मात्र कुठं दिसेना.

चीनमधल्या जिनान शहरात बाओतू नावाचा प्राचीन झरा आहे. बाग त्याच्याभोवतीच रचलेली, आणि कुंडाच्या मध्यावर पाण्याचे तीन उमाळे सगळ्यांसमोर उसळतात. इथं उगम काही मैल मागं, डोंगरात राहून गेलेला. तिथून मातीचे नळ जमिनीच्या पोटातून, अंधारातून पाणी आणतात. उतारावर कमावलेल्या जोरावर ते भिंतीतून वर चढतं आणि उजेडात उडी घेतं. मोट नाही, पंप नाही.

‘‘चाचा, झरा कुठं आहे हो?’’ हौदाशी झाडू मारणाऱ्या म्हाताऱ्याला मी विचारलं.

‘‘उप्पर, पहाड में.’’

‘‘तुम्ही पाहिलाय?’’

त्यांनी मान हलवली. नाही.

ही चक्की निजामाच्या पदरच्या तुर्कताज खानानं १७४४ मध्ये बांधली. सरदारांनी बांधलेल्या कबरी आणि कमानी पुष्कळ पाहिल्या; पिठाची गिरणी बांधणारा सरदार मला जास्त आवडतो. पाणी पात्यांवर पडायचं, वरचा दगड फिरायचा, दर्ग्यात उतरलेल्या फकिरांसाठी, वाटसरूंसाठी दळण व्हायचं. आमच्या घरी पहाटे जातं घरघरायचं. आजीच्या ओव्या मला आठवतात, आणि दिवसभर तिनं दाबून धरलेला उजवा खांदाही. ओव्यांचं कौतुक सगळे करतात. खांद्याचं कुणी बोलत नाही. इथं तो खांदा पाण्यानं लावला होता, ज्यांची नावंही ठाऊक नाहीत अशांच्या भाकरीसाठी.

दर्ग्यातले बाबाही वाटसरूच, बुखाऱ्याकडून आलेले. कुठला माणूस, कुठं येऊन मुरला! आर्वीतही तेलंगराव वली आहेत. त्यांच्याच नावानं गावाला आर्वी तेलंगराव म्हणत. ते ब्राह्मण होते असं हिंदू सांगत आले, मुसलमान होते असं मुसलमान. उगमाबद्दल दोन मतं, दर्शनाला उंबरठा एकच.

हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छत आहे. दगडी खांबांवर पेललेलं पाणी, आणि त्याच्याखाली माणसांची ऊठबस. मी कठड्यावर तळवा टेकून बसलो. गारवा हळूहळू मनगटापर्यंत चढला, आणि काकडदऱ्याचा उतार आठवला. आमच्याच तालुक्यातलं गाव. गावांच्या जलसंधारणाच्या २०१७ च्या वॉटर कप स्पर्धेत ते पहिलं आलं. विदर्भाच्या त्या उन्हात, जेव्हा कावळासुद्धा चोच उघडी ठेवून सावली धरतो, तेव्हा माणसं डोंगरउतारावर कुदळ-फावडी घेऊन चर खणत होती, कोरड्या जमिनीत, ज्या पाण्याचा अजून ढगही झाला नव्हता त्याच्यासाठी.

चाचा झाडू टेकवून शेजारी बसले होते. त्यांना हे सांगितलं: तुमचे नळ पाणी डोंगरातून बाहेर काढतात, आमच्याकडं माणसं ते डोंगरात भरायला निघाली. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. बक्षिसाचं काही विचारलं नाही.

‘‘फिर,’’ ते म्हणाले, ‘‘बावडी में पानी कब आया?’’