ओढणे आणि काढणे

आमच्या शाळेच्या ऑफिसातला राउटर एका हितचिंतकाने मुंबईहून पाठवलेला. जुना, पण दणकट. मागच्या खाचेत दोन स्क्रूंनी बसवलेलं कार्ड, आणि बाहेरची इंटरनेटची लाइन त्या कार्डात. मी उर्दू-मराठी शिकवणारा माणूस. बी.एड.ला असलं काही नव्हतं. पण ‘सरांना कॉम्प्युटरमधलं कळतं’ अशी माझी ख्याती होती, आणि खरं सांगायचं तर ती मला आवडायची.

परतीच्या पावसात एका रात्री विजा कडाडल्या. सकाळी इंटरनेट बंद. दहावीचे परीक्षा अर्ज भरायचे, मुदतीला दोन दिवस. मी स्क्रू सोडवले आणि कार्ड ओढलं. राउटर चालूच होता. कार्डावरचा बारीक दिवा विझला, तो परत पेटला नाही.

“वीज पडली असणार,” मुख्याध्यापक म्हणाले. मी मान डोलावली.

संध्याकाळी कळलं, रस्त्यावरची केबल तुटली होती. म्हणजे मी हात लावेपर्यंत कार्ड ठणठणीत होतं. पुढचे दोन दिवस आम्ही अर्जांचा गठ्ठा घेऊन रात्री नऊपर्यंत सायबर कॅफेत. एका मुलीचा अर्ज राहिलाच होता, शेवटच्या तासाला लक्षात आलं.

ईदला कुवेतहून माझा जुना विद्यार्थी आला. तिकडे तो हेच काम करतो. येताना मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून तसंच जुनं कार्ड घेऊन आला.

“सर, चालू मशीनमधनं काढलंत?”

“हो रे.”

तो हसला नाही, हे त्याचे उपकार. म्हणाला, मोठ्या यंत्रांत चालू असताना काढता येणारी कार्डं असतात; त्यांच्या अर्थिंगच्या पिना लांब असतात, म्हणून त्या आधी जोडल्या जातात आणि शेवटी सुटतात. आपलं तसलं नाही. माहितीपुस्तिकेत तसं स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर यंत्र बंदच करायचं.

मग त्याने माझ्याकडूनच करून घेतलं. आधी वायरींचा मोबाइलवर फोटो, प्रत्येकीला कागदाची चिठ्ठी. स्विच बंद, प्लगही बाहेर. घड्याळ-अंगठी काढून ठेवली. मनगटाला पट्टा, त्याचा चिमटा राउटरच्या रंग नसलेल्या पत्र्याला. अंगावर साठलेल्या विजेचा झटका आपल्याला जाणवायला साधारण 3,000 व्होल्ट लागतात. काही चिप्स 100 व्होल्टच्या आतच मरतात. कोकणच्या दमट हवेत ही वीज कमी साठते, पण म्हणून बेफिकीर राहायचं नाही.

स्क्रू आळीपाळीने सैल केले. “आता दोन्ही बाजूंनी धरा आणि सरळ मागे. वाकडं नको, सर. सोनेरी पट्टीला बोट नको.”

ओढणे आणि काढणे यांतला फरक मी दरवर्षी सातवीला फळ्यावर लिहून देतो. उर्दूत खींचना आणि निकालना. कार्ड अलगद हातात आलं तेव्हा तो फळा आठवून कानशिलं तापली.

नवं कार्ड तो चंदेरी पिशवीतून आणून त्या पिशवीतच ठेवून होता. बसवायच्या क्षणी बाहेर काढलं. शेजारची एक खाच कित्येक वर्षं उघडी होती. तिलाही त्याने पत्र्याचं झाकण लावलं. हवा नीट खेळते म्हणे, आणि आमच्याकडे पालीही शिरत नाहीत.

जुनं कार्ड माझ्या खणात आहे. मुख्याध्यापक अजून पाहुण्यांना सांगतात, विजेने गेलं. हा लेख त्यांनाही पाठवतो आहे.