पस्तीस दिवसांची पिशवी

आमच्या अकरावीच्या जीवशास्त्राच्या वर्गाला यंदा लष्करी रुग्णालयाची रक्तपेढी पाहायला नेले होते. सहल म्हटल्यावर सगळ्यांना किल्ला किंवा धरण अपेक्षित होते, त्यामुळे बसमध्ये बरेच जण नाराज होते. मी मात्र उत्सुक होतो. माझ्या धाकट्या बहिणीच्या जन्माच्या वेळी आईला फार रक्तस्राव झाला होता. मी तेव्हा सात वर्षांचा होतो. त्या रात्री तिला चार पिशव्या रक्त चढवले. ते कोणाचे होते, हे आमच्या घरात आजही कोणाला ठाऊक नाही.

रक्तपेढीतल्या मेजर मॅडमनी सगळी व्यवस्था समजावून सांगितली. एका दात्याकडून साधारण ३५० मिलिलिटर रक्त घेतात. यंत्रात जोराने फिरवले की त्याचे घटक वेगळे होतात. तांबड्या पेशी २ ते ६ अंश सेल्सिअसला ठेवतात. साध्या पिशवीत त्या ३५ दिवस टिकतात, विशेष द्रावण घातले तर ४२ दिवस. प्लाझ्मा गोठवून वर्षभर ठेवता येतो. प्लेटलेटची पिशवी मात्र सुमारे २२ अंशांत, हलत्या ट्रेवर सतत डुलत असते आणि ५ दिवसांत वापरावी लागते.

एका कॅडेटने विचारले, "मॅडम, सीमेवर एकदम गरज पडली तर?"

मॅडम म्हणाल्या, "दिलेलं रक्त एचआयव्ही, कावीळ, मलेरिया अशा आजारांसाठी तपासावं लागतं. गोळी लागल्यावर दाता शोधत बसायला वेळ नसतो. कोणीतरी आधीच दिलेलं रक्तच तिथे कामाला येतं."

मग त्यांनी 'बॉम्बे' रक्तगटाविषयी सांगितले. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा दुर्मिळ गट मुंबईत शोधला. साध्या चाचणीत तो 'ओ' गटासारखा दिसतो, पण अशा रुग्णाला 'ओ' रक्तही चालत नाही, त्याच गटाचे लागते. वर्गात मी एकटाच महाराष्ट्राचा, त्यामुळे सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले!

शेवटी आम्ही विचारले, आम्ही रक्त देऊ शकतो का? त्यासाठी वय १८ पूर्ण, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन १२.५ हवे. आमच्यात अठराचा कोणीच नव्हता. मॅडम हसून म्हणाल्या, "मग घरच्या मोठ्यांना विचारा."

सुट्टीत मी बाबांना विचारले. ते एसटीत वाहक आहेत. म्हणाले, "अरे, दिवसभर उभं राहायचं काम माझं. रक्त दिलं की अंगात ताकद राहत नाही." मी त्यांना सांगितले, की रक्तातला पाण्याचा भाग एक-दोन दिवसांत भरून येतो, पेशी काही आठवड्यांत तयार होतात आणि निरोगी पुरुषाला ९० दिवसांनी पुन्हा रक्त देता येते. बाबा म्हणाले, "बघू."

आई भाकरी थापत होती. तव्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "चार जणांचं घेतलंय आपण. एकाचं तरी फेडा."

बाबा काही बोलले नाहीत. मी शाळेत परतल्यावर तिसऱ्या रविवारी त्यांचा फोन आला. सुट्टीच्या दिवशी जाऊन ते रक्त देऊन आले होते. "सुई टोचली तेवढंच. चहा-बिस्किटं दिली. दुसऱ्या दिवशी ड्युटीवर होतो," म्हणाले. ते रक्त कोणाला मिळेल, हे त्यांनाही कळणार नाही.

मला अठरा पूर्ण व्हायला अजून चौदा महिने आहेत. आम्ही सर्वांच्या वाढदिवसांची यादी करून वर्गाच्या फलकावर लावली आहे. पहिला नंबर नागालँडच्या मित्राचा आहे, येत्या फेब्रुवारीत.