शून्याची पाठशुद्धी

यंत्राविषयी लिहिताना मराठी लेखक बहुधा भीतीचा तरी सूर लावतो, नाही तर स्तुतीचा. यंत्र बिघडले, कोणी तरी ते शांतपणे वाचले आणि नीट केले, अशा मधल्या प्रसंगाविषयीचे गद्य आमच्या वाचनात फारच थोडे आले. म्हणून हा एक प्रयत्न.

आम्ही पुंडलिकनगरात राहतो आणि पैठणकडच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो. तासिका तत्त्व म्हणजे काय हे या पानांच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नसावी. तास झाला तर मानधन, चुकला तर नाही. जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटरचा रस्ता, आणि वाहन म्हणजे 2020 नंतरची एक मोटारसायकल. ती गेल्या पावसाळ्यापासून सिग्नलला बंद पडू लागली. उभ्या गाडीचे इंजिन एकदा वर चढे, एकदा खाली बसे. बिडकीनच्या अलीकडे रेस कमी केली की गाडी झटके खाई. मागून ट्रक येत असताना असा झटका बसला की काव्यशास्त्रातील भयानक रसाची चर्चा अगदीच पुस्तकी वाटते.

एका गॅरेजने प्लग आणि एअर फिल्टर बदलला, थ्रॉटल बॉडी साफ केली आणि ‘स्लो’ वाढवून दिला. दोन दिवस बरे गेले. दुसऱ्याने अख्खी थ्रॉटल बॉडीच बदला म्हणून सांगितले. तिची किंमत आमच्या कित्येक तासांच्या मानधनाएवढी होती.

येथे थोडे मागे जायला हवे. या शहराचे आणि दुचाकीचे नाते जुने आहे. वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना 1985 साली सुरू झाला, त्याभोवती सुट्या भागांचे लहानमोठे कारखाने उभे राहिले, आणि गल्लोगल्ली असे मिस्त्री तयार झाले की ज्यांना इंजिन कानाने कळे. कार्ब्युरेटरचा स्क्रू पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. डोळे मिटून, मान थोडी कलती करून ते आवाज ऐकत. तंबोरा जुळवणाऱ्या माणसाची आठवण व्हावी असे ते दृश्य असे. 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज 6 चे निकष लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. आता पेट्रोल किती सोडायचे हे एक लहानसा संगणक ठरवतो. इंजिनाचे फेरे, हवेचा दाब, तापमान अशा अनेक गोष्टी तो विचारात घेतो. त्यांतली एक महत्त्वाची गोष्ट म्हणजे थ्रॉटलची झडप किती उघडली आहे.

गंमत अशी की हा संगणक झडप पाहत नाही. झडपेच्या दांड्याला जोडलेला सेन्सर त्याला विजेचा एक आकडा कळवतो, आणि तो आकडा हेच त्याचे सगळे जग. मिटलेल्या झडपेचा आकडा त्याने एकदा ‘शून्य’ म्हणून लक्षात ठेवला की पुढचे सारे मोजमाप त्यावरून. कोणी झडपेला अडवणारा स्क्रू थोडा पिळला, तर झडप पूर्ण मिटत नाही. स्वार हात सोडून बसलेला असतो, आणि संगणकाला वाटते की याने रेस दिली आहे. मग तो विसाव्याचा कारभार हाती घेतच नाही. गाडी उभी असते, संगणकाच्या हिशेबी ती चालू पडलेली असते.

हे आम्हांला उलगडले ते आमच्याच गल्लीपलीकडच्या एका मिस्त्रींमुळे. वय साठीकडे झुकलेले. सगळे त्यांना ‘उस्ताद’ म्हणतात, आम्हीही. त्यांनी पाना उचलण्याआधी प्रश्न विचारले. “सर, थंड असताना जास्त करते की गरम झाल्यावर?” “चढाला की सपाटीला?” “आधी कोणी हात लावला?” शेवटचा प्रश्न विचारताना ते हसले. मग त्यांनी बॅटरीची टोके घासली, सेन्सरचा कपलर काढून पाहिला, पुन्हा बसवला, आणि त्याच्या मागच्या बाजूने बारीक पिन घालून मल्टिमीटर लावला. चावी चालू, इंजिन बंद. तीन तारांपैकी एकीवर पाच व्होल्ट बरोबर येत होते. जमिनीची तार ठीक होती. तिसऱ्या, म्हणजे निरोप नेणाऱ्या तारेवर, मिटलेल्या थ्रॉटलला 0.82 दिसले. आमच्या गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे हा आकडा 0.6 च्या आत हवा होता. (प्रत्येक गाडीचा आकडा वेगळा असतो, हा आमचा आकडा कोणी आपल्या गाडीला लावू नये.)

त्यानंतर त्यांनी जे केले ते आम्हांला सर्वांत आवडले. मूठ अगदी सावकाश फिरवत त्यांनी मीटरकडे पाहायला सांगितले. आकडा कुठेही न अडखळता, उडी न मारता वर चढत गेला. “सेन्सर चांगला आहे. झिजला असता तर मध्येच पडला असता,” ते म्हणाले. म्हणजे भाग निर्दोष होता. ज्या आरंभबिंदूवरून तो बोलत होता, तेवढाच भ्रष्ट झाला होता.

आम्हांला अर्थातच पैठण आठवले. रोज जातो तिथे. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. तीनेकशे वर्षांत नकलाकारांनी, हौशी भाविकांनी, सद्हेतूनेच, ठिकठिकाणी हात लावलेला होता. नाथांची कवी म्हणून योग्यता केवढी, तरी त्यांनी तेथे नवे काही रचण्याचा मोह आवरला, प्रती ताडून पाहिल्या, आणि शेवटी बजावले की यात कोणी आपली ओवी घालू नये. संपादन आणि पुनर्लेखन यांतला हा फरक वर्गात सांगताना आम्हांला नेहमी उदाहरणाची चणचण भासते. थ्रॉटल बॉडी बदला म्हणणारा गॅरेजवाला पुनर्लेखन सुचवत होता.

स्क्रूवर कारखान्याच्या रंगाची तुटलेली रेघ होती. उस्तादांनी ती भिंगातून पाहिली, रेघेला रेघ जुळेपर्यंत स्क्रू मागे घेतला. मीटर 0.58 वर आला. पण एवढ्याने भागत नाही. संगणकाच्या स्मरणात जुने शून्य बसलेले असते. काही गाड्यांत चावी आणि मूठ यांच्या ठरावीक क्रमाने ते पुसता येते, काहींना स्कॅनर लागतो. आमच्या गाडीला लागला. तो उस्तादांनी मुलाकडून मागवला. “हे यंत्र बोलते, पण सगळे सांगत नाही. काही पाने कंपनीकडेच बंद असतात,” असे ते स्कॅनरविषयी म्हणाले. 2022 साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, तिच्या विषयांत वाहनेही होती. पण कायदा होईपर्यंत उस्तादांसारख्यांच्या कानाला आणि अनुभवाला कुलूपबंद पानांशी झगडतच राहावे लागणार. ज्याला पूर्ण संहिता पाहू दिली जात नाही त्याने चिकित्सा कशी करावी, हा प्रश्न आमच्या शाखेतल्या लोकांना तरी परका वाटू नये.

शून्य नव्याने नोंदवल्यावर इंजिन चालू करून मुठीला हात न लावता दहा-बारा मिनिटे तसेच ठेवले. आधी किंचित डगमगले, मग स्थिरावले. उस्तादांनी मीटर बाजूला ठेवला होता. डोळे मिटून, मान कलती करून ते ऐकत होते.

निघताना त्यांनी घरातून नातीची लाल नेलपॉलिश मागवली आणि स्क्रूवर एक ठिपका ठेवला. “आता कोणी फिरवला तर कळेल,” म्हणाले, आणि त्यावर फुंकर घातली.